एकतिसाव्या पानावरची शिडी

"ऑड्री, आत्ताच्या आत्ता या. मेव्हिस पुस्तकं वाचतेय."

फोनवर जोसी होती, अर्न्सवेटच्या वाचनालयाची ग्रंथपाल. ही मुलगी घोट्याएवढ्या पाण्यातही घाबरून हातपाय मारणाऱ्यांतली नव्हे. आणि मेव्हिस थ्वेट वारून नऊ महिने झाले होते.

ऑड्री सग्डेनने हातातला टोस्ट बशीत टाकला आणि कोट चढवला. वय अडुसष्ट. पोलिसात सार्जंट होती, आता निवृत्त, आणि आठवड्यातून तीन दिवस वाचनालयात फुकट राबत असे. मेव्हिस तिची शेजारीण. भिंतीला भिंत, बत्तीस वर्षं.

अर्न्सवेटमध्ये भुतांनाही हंगाम असतो. माळावरचं गवत तपकिरी झालं की माणसं पछाडलेल्या हवेल्या, बंद खोल्या आणि वेड्या सरदारांच्या कादंबऱ्या मागायला लागतात. नोव्हेंबरातल्या शेकोट्यांची रात्र सरली की ही सगळी भुतं परत फळीवर जातात, ती पुढच्या शरदापर्यंत. मधल्या काळात त्यांना कुणी कुत्रंही विचारत नाही. फक्त मेव्हिस बारमाही गिऱ्हाईक. भर मे महिन्याच्या उन्हात तिला तळघरातले सांगाडे लागत.

दाराजवळच्या टेबलावर जोसीने काळं कापड अंथरून चौदा कादंबऱ्या मांडल्या होत्या. त्यातली एक तिने ऑड्रीसमोर उघडली.

"सप्टेंबरात छापलेलं पुस्तक आहे हे. एकतिसावं पान बघा."

पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीने काढलेली इवलीशी शिडी होती. दोन उभ्या रेघा, तीन पायऱ्या.

"आणखी दोन पुस्तकांत आहे," जोसी म्हणाली. "दोन्ही याच शरदातली. मेव्हिसचीच खूण ना ही?"

ऑड्रीने होकारार्थी मान हलवली. वाचनालयात येणाऱ्या म्हाताऱ्यांची ही जुनी खोड. आपण हे पुस्तक वाचलंय की नाही, हे आठवत नाही. मग प्रत्येकीचं एक ठरलेलं पान आणि त्यावर एक गुपचूप खूण. कुणाची फुली, कुणाचा मासा. जोसीने त्या खोडून टाकाव्यात असा नियम होता. जोसी नियम वाचायची आणि खोडरबर खणात ठेवायची.

मेव्हिसची तऱ्हा मात्र जगावेगळी. बाकीच्या पुस्तक संपल्यावर खूण करत, ही आधीच करायची. "भुताच्या पुस्तकाचा काय भरवसा?" ती म्हणे. "मधेच मी गेले, तर लोकांना वाटेल हे वाचायचं राहिलं." आधी शिडी, मग ऑड्रीला फोन. नव्या पुस्तकाची पहिली ओळ ती फोनवर वाचून दाखवायची आणि ऑड्रीने नाक मुरडलं की खूश व्हायची.

ऑड्रीने पान उजेडाकडे धरलं. रेघा करड्या होत्या. साधी पेन्सिल.

मेव्हिसकडे तिच्या वडिलांची एक जुनी पेन्सिल होती, जिभेला लावून ओली केली की जांभळी उमटणारी. तिच्या खालच्या ओठावर कायम जांभळा डाग असे. ती पेन्सिल चष्म्याच्या डबीत राहायची, आणि ती डबी ऑड्रीने स्वतःच्या हाताने शवपेटीत ठेवली होती.

"भुताला पेन्सिल बदलायची गरज नसते," ऑड्री म्हणाली. "हे जित्या माणसाचं काम आहे."

"म्हणूनच बोलावलं." जोसीने आवाज खाली आणला. "वाचनालय समितीतले लोक म्हणतायत, दानुताच हे करतेय. गाववाल्यांना घाबरवायला. तसं पत्र मी लिहून द्यायचं, शुक्रवारच्या सुनावणीसाठी."

ऑड्रीने दिवस मोजले. आज मंगळवार होता.

दानुता मेव्हिसची देखभाल करणारी बाई. जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी आठला तिलाच मेव्हिस मागच्या दाराबाहेर पायरीवर सापडली, बर्फात. दार सताड उघडं. मेव्हिस आदल्या संध्याकाळीच पडून गारठून गेली, असं डॉक्टर म्हणाले. ते मागचं दार फुगलेलं होतं. उचलून ओढल्याशिवाय बसत नसे. गुरुवारी साडेचारला दानुता निघाली, त्यानंतर कुणी आलं नाही. म्हणजे दार तिनेच उघडं टाकलं. तिची नोकरी गेली. शुक्रवारी निकाल विरुद्ध लागला, तर या देशात कुठल्याही म्हाताऱ्या माणसाच्या घरात तिला पुन्हा काम मिळणार नव्हतं.

आणि "त्यानंतर कुणी आलं नाही" हे शपथेवर सांगणारी होती सार्जंट ऑड्री सग्डेन.

*

दानुता मासे-बटाट्याच्या दुकानामागे बादलीत बटाटे सोलत बसली होती. ऑड्रीला बघून तिने सुरी थांबवली नाही.

"या, सार्जंटबाई. आता काय केलं मी?"

"एकतिसाव्या पानाबद्दल तुला काय ठाऊक आहे?"

"कुठल्या पुस्तकाच्या?"

"मेव्हिसच्या कुठल्याही."

"मी तिला जेवू घालायची, अंघोळ घालायची. पुस्तकाला हात लावला तर ओरडायची. 'तुझ्या हाताला कांद्याचा वास येतो,' म्हणायची." दानुता हसली नाही. "भुताच्या खुणांबद्दल विचारताय ना? दुकानात सगळे बोलतात. मला ऐकू जाईल असं बोलतात."

"गुरुवारी दार कसं लावलंस?"

"शंभर वेळा सांगितलं. उचललं, ओढलं, खांद्याने रेटून पाहिलं. दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत कागदसुद्धा मीच चिकटवला होता, 'उचला आणि ओढा'. मग पुढच्या दाराने गेले. तुम्ही पाहिलंत मला जाताना."

"पाहिलं."

"मग नंतर कोण आलं ते का नाही पाहिलंत? एवढ्या पोलीस तुम्ही!"

याचं उत्तर ऑड्रीने नऊ महिने कुणालाच दिलं नव्हतं.

तिची खिडकी फक्त पुढच्या गल्लीवर उघडते. त्यातून पाच वाजता तिने पडदे ओढून टीव्ही लावला होता. तरी "कुणी आलं नाही" असं तिने छाती ठोकून सांगितलं. आणि पावणेसहाला तिचा फोन वाजला होता. बारा वेळा. तिने मोजलं होतं. प्रश्नमंजूषेची शेवटची फेरी चालू होती. त्या वेळेला फोन करणारी मेव्हिसशिवाय दुसरी कुणी नव्हती. "थांब की गं बाई," असं म्हणून ऑड्रीने टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी रुग्णवाहिका आली, तेव्हा तिला वाटलं, तो फोन मदतीसाठीच असणार. हे तिने चौकशीत सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. लाज वाटली, दुसरं काही नाही. आणि त्या लाजेपायी ही बाई इथे बटाटे सोलत होती.

"शुक्रवारच्या आत परत येते," ऑड्री म्हणाली.

"मी कुठे पळून जाणार आहे?" दानुताने पुढचा बटाटा उचलला.

*

एकतिसाव्या पानाचं गुपित जोसीखेरीज दोघांनाच ठाऊक होतं. एक ऑड्री. दुसरा क्लिफ हॅलस.

क्लिफ तीस वर्षं अर्न्सवेटचा पोस्टमन होता. निवृत्त झाल्यावर घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना एक गुरुवार सोडून पुस्तकं पोचवायचा. बॅग भरताना प्रत्येकीचं पान उघडून बघायचं, खूण असली तर पुस्तक परत फळीवर. म्हणून सगळ्यांच्या खुणा त्याला तोंडपाठ. बुधवारी सकाळी ऑड्री गेली, तेव्हा तो मागच्या खोलीत हेच करत होता.

"कुणाची बॅग?"

"मिसेस टोल्सनची. बावन्नावं पान, मासा." त्याने पुस्तक बाजूला ठेवलं. "हे झालंय तिचं."

"सगळ्या कधी करतात रे खूण?"

"कधी म्हणजे? वाचून संपलं की. नाहीतर खुणेचा उपयोग काय?"

"मेव्हिससुद्धा?"

"सगळ्याच." त्याचे हात क्षणभर थांबले. "का?"

"या शरदातल्या भुतांच्या पुस्तकांत तिची शिडी आहे."

"ऐकलं." तो बॅगेचा पट्टा लावू लागला. पट्टा लागेना.

"त्या गुरुवारी तू तिची बॅग नेली नव्हतीस."

"गल्ली बर्फाने गाड्यांना बंद झाली होती ना. तूच तर सांगितलंस चौकशीत. बॅग इथून हललीच नाही. शुक्रवारी वाचनालय उघडल्यावर चारही पुस्तकं परत लावली. जोसीकडे नोंद आहे."

"तुझी बँडची तालीम होती ना गुरुवारी?"

"असते दर गुरुवारी. सहाला." क्लिफने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांखाली महिनोन्महिने न झोपलेल्या माणसाची काळी वर्तुळं होती. "ऑड्री, तू मैत्रीण म्हणून विचारतेस की पोलीस म्हणून?"

"मला अजून ठरवता आलेलं नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

बाहेर येऊन तिने जोसीला त्या गुरुवारची, अठरा जानेवारीची नोंद काढायला लावली. चार पुस्तकं. 'बर्फामुळे पोचवली नाहीत.' तीन जुनी. चौथी त्याच आठवड्यात विकत घेतलेली कोरी कादंबरी.

"ही त्यानंतर कुणी नेली?"

जोसीने संगणकात पाहिलं. "कुणीच नाही. जानेवारीत भुताचं पुस्तक कोण नेणार? टेबल मांडताना या सोमवारी मीच फळीवरून काढली."

पुस्तक टेबलाच्या कडेला होतं. मुखपृष्ठावर धुकं, हवेली आणि एकच पेटलेली खिडकी. या धंद्यात चित्रकाराला डोकं चालवायला लागत नाही. ऑड्रीने एकतिसावं पान उघडलं.

शिडी होती. तीन पायऱ्या, थोडी वाकडी, ओलाव्याने किंचित पसरलेली.

जांभळी.

तिला शिडी दिसत होती, आणि कानात फोन वाजत होता. आधी शिडी, मग फोन. इतके महिने आपण काय समजून बसलो होतो!

*

गुरुवारी दुपारी वाचनालय लवकर बंद झालं. भुतांच्या टेबलावरची पुस्तकं सरकवून जोसीने चहाचे चार कप आणि आल्याचा केक ठेवला. केकला कुणी हात लावला नाही. जोसी, दानुता, क्लिफ आणि ऑड्री.

"दोन खुणा आहेत," ऑड्रीने सुरुवात केली. "आधी करडी. ही याच शरदातल्या पुस्तकांत आहे, म्हणजे मेव्हिसने केलेली नाही. ती करायला तिचं पान आणि तिची शिडी ठाऊक हवी. दानुताला पुस्तकाला हात लावायची बंदी होती. मी केलेली नाही. जोसीने केली असती, तर तिने मला बोलावलं नसतं. उरलं कोण?"

क्लिफ खाली बघत होता.

"आता जांभळी." तिने जानेवारीतली कादंबरी उघडून मधे ठेवली. "हिची पेन्सिल मेव्हिसबरोबर जमिनीत आहे. म्हणजे ही शिडी मेव्हिसनेच काढली. पण हे पुस्तक तर तिच्या घरी पोचलंच नव्हतं. नोंद तशी आहे. मग मेव्हिस चालत इथे आली होती का? तिला तर अंगण ओलांडता येत नव्हतं."

"मग पुस्तक गेलं होतं तिच्याकडे," जोसी पुटपुटली.

"गेलं होतं. पुढची गल्ली गाडीला बंद होती, पण तीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला ओढ्याकडची पायवाट ठाऊक असते. ती थेट मेव्हिसच्या मागच्या दाराशी येते. माझ्या खिडकीतून ती दिसत नाही. क्लिफ, तू ते पुस्तक नंतर परत आणून फळीवर लावलंस. एका रात्रीत तिचं वाचून कुठून होणार, म्हणजे खूण नसणारच, असं तू धरून चाललास. म्हणून तू पान उघडलंच नाहीस. पण मेव्हिस खूण आधी करायची."

"आधी?" क्लिफचा आवाज फाटला.

"पहिलं पान उघडायच्याही आधी."

मग क्लिफने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सव्वापाचला गेलो. चहा घे म्हणाली. मी म्हटलं, तालमीला उशीर होतोय. दोन मिनिटं बस म्हणाली, पहिली ओळ वाचून दाखवते. दोन मिनिटं, ऑड्री! मी दार लोटलं आणि निघालो. लोटलं. उचललं नाही. मला वाटतं उचललं नाही."

"मग सकाळी?"

"रात्रभर डोळा लागला नाही. उचललं का, नाही उचललं. सातला बघायला गेलो. ती पायरीवर होती, अंगावर बर्फ. हात लावून पाहिला." त्याने हात पालथा केला. "दगड झाली होती. पुस्तक आत खुर्चीवर होतं. मी ते बॅगेत घातलं, बॅग उचलली आणि आलो. का उचलली ते विचारू नका. लहान पोर फुटलेली काच लपवतं तशी लपवली. आणि मग रोज वाटायचं, आज सांगू. उद्या सांगू."

"आणि या शिड्या?" जोसीने विचारलं.

"नवीन भुताचं पुस्तक आलं की मी वाचतो. मला मेली ती भुतं आवडत नाहीत, झोप उडते. पण वाचतो. तिचं वाचायचं राहिलं म्हणून. संपलं की तिची खूण करतो. कुणाला फसवायला नव्हतं ते."

"पण खापर माझ्यावर फुटलं, तेव्हा तुम्ही गप्प बसलात," दानुता म्हणाली.

"हो."

ऑड्रीला इथे थांबता आलं असतं. कोडं सुटलं होतं. गुन्हेगार समोर बसला होता, डोकं खाली घालून. आयुष्यभर तिने याच जागी वही मिटली होती.

"अजून एक राहिलंय," ती म्हणाली. "उद्या तिथे विचारतील, दार साडेचारपासूनच उघडं नव्हतं कशावरून? त्याचा पुरावा माझ्याकडे आहे. पावणेसहाला मेव्हिसने मला फोन केला. मी उचलला नाही. टीव्ही बघत होते. मला वाटलं होतं ती पडली आणि मदत मागत होती, म्हणून मी ते लपवलं. पण शिडी काढली, म्हणजे पुस्तक सुरू करत होती. पहिली ओळ वाचून दाखवायला फोन केला होता. बाहेर बर्फ, दार सताड उघडं, आणि ती मजेत सव्वा तास खुर्चीत बसेल का? दार तोपर्यंत लागल्यासारखं होतं. नंतर वाऱ्याने उघडलं, ते लावायला ती उठली. दानुताने दार नीट लावलं होतं."

तिने दानुताकडे पाहिलं. "हे मी जानेवारीत सांगितलं असतं, तर तेव्हाच कुणीतरी विचारलं असतं की पुस्तक आलं कुठून. मी 'कुणी आलं नाही' म्हणाले. 'मला दिसलं नाही' म्हणायला हवं होतं. क्लिफने बॅग लपवली आणि मी फोन लपवला. तू दोघांचं भरलंस."

दानुताने कप बशीत ठेवला.

"नऊ महिने," ती म्हणाली. "रोज बटाटे सोलताना मी ते दार लावतेय. उचला, ओढा. उचला, ओढा. तुम्ही सगळे इतकं ठामपणे सांगत होता की मलाही वाटायला लागलं, केलं असेल मीच. शेवटी शेवटी मी चर्चमध्ये जाऊन तिची माफी मागून आले, न केलेल्या गोष्टीची." ती उठली. "माफ करा म्हणू नका. आज नको. उद्या दहाला तिथे या, आणि जे इथे बोललात तेच बोला."

*

दोघेही गेले. आधी क्लिफ बोलला, मग ऑड्री. वहीत लिहून घेणारा तरुण अधिकारी मधेच थांबला आणि म्हणाला, "सार्जंट म्हणून आपला शब्द प्रमाण मानला होता आम्ही." ऑड्री म्हणाली, "चूक झाली ती." तिच्या आयुष्यातली सगळ्यात छोटी जबानी ती.

बारा वाजता दानुतावरचा ठपका काढल्याचं सांगितलं गेलं. क्लिफला मात्र पोलिसांनी थांबवून घेतलं. दानुता बाहेर आली, पायऱ्यांवर ऑड्रीसमोर उभी राहिली. हात पुढे केला नाही.

"सोमवारपासून मिसेस टोल्सनकडे जाणार आहे मी," ती म्हणाली. "त्यांचं मागचं दार नीट लागतं." आणि बसथांब्याकडे निघून गेली. तेवढंही पुष्कळ होतं.

ऑड्रीने जानेवारीतली कादंबरी स्वतःच्या नावावर घरी आणली. पावणेसहा झाले. प्रश्नमंजूषा लागायची वेळ, पण तिने टीव्ही लावला नाही. फोनजवळच्या खुर्चीत बसून तिने पहिलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं, मेव्हिस वाचायची तसं, एकेक शब्द चावून.

"'माझी मावशी मेली त्या संध्याकाळी घरात आम्ही सहाजण होतो, आणि जेवणाच्या टेबलावर सात ताटं मांडलेली होती.'"

"अगं, काहीतरीच!" ऑड्री म्हणाली. "सातवं कुणाचं?"

मेव्हिस हसली असती आणि म्हणाली असती, उद्या सांगते. ऑड्री थोडा वेळ वाट बघत बसली, मग डोळे पुसून तिने पान उलटलं.